भेगेवरची काचेची पट्टी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचे चौदा फोटोही. चौदाही फोटो एकाच भेगेचे आहेत, हे मला सहाव्या-सातव्या फोटोला लक्षात आलं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी खाली उतरलेली भेग. शेवटचे चार तर रात्री टॉर्च मारून काढलेत. उजेड आडवा पडल्यामुळे भेगेची एक कड काळीभोर दिसते आणि साधी विटांची भिंत दरीसारखी वाटायला लागते. खाली तू एकच ओळ लिहिलीस : 'सांगा, किती वाईट आहे?'

आधी इंजिनिअर म्हणून उत्तर देते. फोटोवरून मी सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नकोस. भूकंपानंतर तपासणीला आलेल्या लोकांनी तुमच्या घरावर पिवळी खूण लावली आहे. म्हणजे दिवसाउजेडी, गरजेपुरतं आणि त्यांनी परवानगी दिलेल्या भागातच जायचं. तिथे झोपायचं नाही. तू रात्री एकटा टॉर्च घेऊन आत शिरलास, हे मला बिलकूल आवडलेलं नाही. धक्के अजून थांबलेले नाहीत. पुन्हा असं केलंस तर पत्राऐवजी माझा फोन येईल, आणि फोनवर मी इतकी शांत नसते.

फोटोवरून एक गोष्ट मात्र सांगता येते. चौदापैकी एकाही फोटोत अख्खी भिंत नाही. शेजारी पट्टी धरलेली नाही, नाणं नाही, तुझं बोटसुद्धा नाही. त्यामुळे भेग केसाइतकी आहे की तीत बोट जाईल, हे कळायला मार्ग नाही. ती एकाच भिंतीत आहे की कॉलमपर्यंत गेली आहे, हेही नाही. वीतभर अंतरावरून पाहिलं की कुठलीही भेग फोटोभर मावते.

तुझं पत्रही तसंच आहे. रागावू नकोस, पण तीन पानांत हादरा बसला ती काही सेकंदं पाच वेळा आली आहेत. आई जिन्यात थांबली होती, हे तू पाचही वेळा लिहिलंस. आई आता कशी आहे, हे एकदाही लिहिलं नाहीस.

म्हणून आज दृष्टिकोनाबद्दल लिहिते. शब्द वाचून तू तोंड वाकडं केलं असशील. तूच लिहिलंस की भेटेल तो 'दृष्टिकोन बदल, चांगलं बघ, जीव वाचला हे काय थोडं?' असं म्हणतो आणि तुला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. मला ते पटतं. त्यातलं एक वाक्य मीही एकदा बोलले आहे, आणि ते अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. भूकंपानंतर घरं तपासत होते. एका वयस्क गृहस्थांचं घर तपासलं. मागची खोली पडली होती, बाकीचं घर शाबूत होतं. शेजारची दोन घरं भुईसपाट झालेली. मी नोंदवहीत खूण केली आणि अगदी मनापासून म्हणाले, "काका, नशीब तुमचं, घर तरी उभं राहिलं." ते काहीच बोलले नाहीत. मला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आले. त्यांच्या पत्नीची शिवणयंत्राची खोली ती होती आणि भूकंप झाला तेव्हा त्या आतच होत्या, हे मला पुढच्या घरी कळलं. मी परत गेले नाही. जायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

तेव्हापासून माझं मत असं आहे : 'त्यांच्यापेक्षा तुझं बरं' याला दृष्टिकोन म्हणत नाहीत. ते समोरच्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे. दुसऱ्याच्या ढिगाऱ्याशी तुलना करून आपल्या भिंतीतली भेग बुजत नाही. उलट भेगेचं दुःख आहे ते आहेच, वर ते वाटल्याची शरम. ज्यांना असं बोलायचंय त्यांना बोलू दे, ते बहुधा स्वतःच्या भीतीला धीर देत असतात. तू मात्र स्वतःशी असं बोलू नकोस.

मग मी कशाला दृष्टिकोन म्हणते? अगदी शब्दशः, कुठे उभं राहून पाहायचं ते. आमच्या कामात त्याचा क्रम ठरलेला असतो. हादरलेल्या इमारतीत थेट आत शिरत नाहीत. आधी लांब उभं राहायचं, इतकं लांब की अख्खी इमारत नजरेत यावी. ती कलली आहे का, एखादा मजला खालच्यावर बसला आहे का, हे लांबूनच कळतं. मग चारही बाजूंनी एक फेरी. मग, धोका नसेल तर, आत. भेगेला नाक लावणं सगळ्यात शेवटी. नवीन पोरं उलटं करतात. पहिल्याच खोलीतल्या पहिल्याच भेगेशी तासभर घालवतात आणि बाहेर आल्यावर कळतं की जिन्याचा कॉलमच सटकलाय. किंवा याच्या उलट : गिलाव्याला नुसता तडा असतो आणि पोरगा 'घर गेलं' असं लिहून मोकळा होतो.

हिरवी, पिवळी, लाल खूण लावायची ती पद्धत कॅलिफोर्नियात १९८९ साली पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी तिची परीक्षा झाली. १७ ऑक्टोबर १९८९ला संध्याकाळी पाचनंतर लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, ६.९ क्षमतेचा. त्या भूकंपाची आठवण मी काढते ती मात्र खुणांसाठी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलेन-होक्सेमा नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी योगायोगाने भूकंपाच्या चौदा दिवस आधी काही विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची मोजदाद करून ठेवली होती. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, हेही विचारून ठेवलं होतं. भूकंप झाला आणि त्यांच्या हातात असं काही आलं जे सहसा कुणाच्याच हाती नसतं : आपत्तीच्या *आधीची* नोंद. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना गाठलं. ज्यांना आधीपासून तेच तेच मनात घोळवत बसायची सवय होती, आपल्याला कसं वाटतंय आणि असं का वाटतंय याचंच रवंथ करायची, त्यांच्यात सात आठवड्यांनीही उदासी जास्त आढळली. भूकंपाआधी त्यांची मनःस्थिती कशी होती, हे हिशेबात धरूनही.

हे वाचून 'म्हणजे दोष माझाच' असं म्हणू नकोस. रवंथ ही खोड नव्हे, मेंदूची धडपड आहे. त्याला वाटतं, आणखी एकदा पाहिलं की उलगडेल. तू पंधरावा फोटो काढणार होतास तो याच आशेने. अडचण इतकीच की पंधराव्या फोटोतही चौदाव्यापेक्षा जास्त काही दिसत नाही, कारण तू उभा त्याच जागी आहेस.

आता त्या भेगेकडे मी जिथून बघते तिथून एकदा बघ. ज्यांनी कधी इमारत उभारली नाही त्यांना वाटतं, चांगली इमारत म्हणजे भूकंपात जिला ओरखडा उठत नाही ती. तसं कुणी बांधत नाही. जगभरातल्या भूकंपरोधक बांधकामाचा साधारण विचार असा आहे : लहान धक्क्यात काही होऊ नये, मध्यम धक्क्यात भिंतींना तडे गेले तरी सांगाडा दुरुस्त करण्याजोगा राहावा, आणि मोठ्या धक्क्यात इमारत कामातून गेली तरी चालेल, पण ती कोसळू नये, आतल्या माणसाला बाहेर पडता यावं. म्हणून कॉलम-बीममध्ये लोखंड असं घालतात की जोर आला की ते ताणलं जावं, वाकावं, आणि वाकता वाकता धक्क्याची ताकद जिरवावी. कडक इमारत वाकत नाही. वाकत नाही ती एकदम तुटते. भेगा पडलेली, किंचित तिरकी झालेली, पण उभी असलेली इमारत पाहिली की आम्ही 'बिचारी' म्हणत नाही. 'काम केलं हिने' असं म्हणतो.

तुला झोप लागत नाही, ट्रक गेला तरी उठून बसतोस, पायात चप्पल घालूनच आडवा होतोस, जेवताना एक कान बाहेर असतो. यातली एकही गोष्ट तू वेडा होत चालल्याची खूण नाही. अंगाने एवढा मोठा धक्का जिरवला, त्याचे हे तडे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू उतरतं. मीही चार महिने चप्पल घालून झोपले आहे. दिवा मालवायचा की नाही यावरून घरात भांडणं झाली आहेत.

(उपमा इथवरच. माणूस इमारत नव्हे. इमारतीला कुणी 'कशी आहेस?' विचारत नाही आणि विचारलं तरी तिला फरक पडत नाही. तुला पडतो.)

तुझा खरा प्रश्न भेगेचा नव्हताच, तो पत्राच्या शेवटी होता : 'हे कधी थांबणार?' या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. १८९१च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबी भागात फार मोठा भूकंप झाला. त्यानंतरचे धक्के फुसाकिची ओमोरी या तरुण शास्त्रज्ञाने मोजत बसून, १८९४ मध्ये एक साधा नियम मांडला : नंतरच्या धक्क्यांची संख्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. ढोबळ मानाने, पहिल्या दिवशी शंभर बसले असतील तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास आणि शंभराव्या दिवशी एखादा. थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही हाच नियम वापरतात.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घे. एक, सुरुवातीला उतार झपाझप असतो आणि पुढे फार सावकाश. तिसऱ्या आठवड्यात 'आता काहीच फरक पडत नाहीये' असं वाटतं ते त्यामुळे. फरक पडत असतो, पण पहिल्या दोन-तीन दिवसांसारखा डोळ्यांत भरत नाही. दुसरी म्हणजे, तो आकडा शून्य झाला असं कुठल्याच दिवशी जाहीर होत नाही. नोबीच्या धक्क्यांचा तो लांबलचक उतार पुढे शंभर वर्षं मोजत राहिले. आणि मध्येच एखादा मोठा धक्का आला की त्याच्यामागे त्याची स्वतःची छोटी रांग लागते, आलेख पुन्हा वर उसळतो आणि परत उतरू लागतो. मन अगदी या सूत्राने चालतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, मीही तसं म्हणत नाही. पण 'परवा बरा होतो, काल पुन्हा सगळं पहिल्यापासून' असं तू लिहिलंस ना, तेव्हा मला ती रांग दिसली. पहिल्यापासून नाही रे. उतारावरची एक उसळी आहे ती.

मग हा उतार आहे हे ओळखायचं कसं? आम्ही भेगेचं करतो तसं. कुणी भेग दाखवली की अननुभवी माणूस विचारतो, 'केवढी आहे?' जुना माणूस विचारतो, 'जिवंत आहे का?' म्हणजे अजून सरकते आहे, की एकदा फाकून निपचित पडली आहे. रुंद पण मेलेली भेग भरून काढता येते. बारीक पण जिवंत भेग झोप उडवते. आणि हे एका नजरेत, एका फोटोत कळत नाही. त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडून तिच्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी बसवतात. दोन टोकं दोन बाजूंना पक्की. शेजारी तारीख आणि वेळ लिहितात. भेगेच्या दोन्ही शेंड्यांना पेन्सिलने बारीक आडवी रेघ मारून तिथेही तारीख. आणि मग निघून जायचं. हा भाग शिकाऊ पोरांना सगळ्यात जड जातो. पट्टी लावली की तिच्याकडे टक लावून बसायचं नसतं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येऊन पाहायचं : काच अखंड आहे की तडकली? भेग पेन्सिलच्या रेघेपुढे गेली का?

वेळ ठरलेली का, तर ऊन-थंडीनेही भिंत जराशी फुगते-आकसते. एकदा दुपारी आणि एकदा पहाटे मोजलंस तर घर हललं नसतानाही हलल्यासारखं दिसेल.

हेच तू स्वतःचं कर. एक वही घे. रोज दुपारी चारला, फक्त चारला, दोन-तीन ओळी : काल रात्री किती तास झोप झाली, आज किती वेळा दचकलो, आणि आज हातून झालेलं एखादं काम. विश्लेषण नको. का दचकलो, असा कसा मी, हे नको. तारीख घाल आणि वही मीट. रात्री तीनला मन जे माप सांगतं ते या वहीत धरायचं नाही. रात्री तीनला आडवा टॉर्च मारलेला असतो, प्रत्येक भेग दरी दिसते. मनात कितीही आलं तरी तेव्हा एवढंच म्हणायचं, 'चारला बघू.' तीन आठवड्यांनी मागची पानं चाळ. तेव्हा तू भिंतीपासून लांब उभा असशील.

जमिनीचंही असंच. 'आत्ता हललं का?' हा प्रश्न तुला दिवसातून वीस वेळा पडतो म्हणतोस. २०११च्या मार्चमधल्या प्रलयंकारी भूकंपानंतर जपानमध्ये असंख्य लोकांना जमीन स्थिर असतानाही डुलल्यासारखं वाटायचं. त्याला तिथे 'जिशिन-योई' असा शब्दच आहे. बोट लागते तसा भूकंप लागणं. यावर साधा उपाय : टेबलावर अर्धा भरलेला पाण्याचा ग्लास ठेव. वाटलं की पाण्याकडे बघ. पाणी हलत असेल तर ठरल्याप्रमाणे टेबलाखाली शीर, डोकं सांभाळ. पाणी स्थिर असेल तर पाय जमिनीवर टेक आणि सावकाश श्वास सोड. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. मी स्वतः कित्येक आठवडे असा ग्लास ठेवला होता. त्याने भीती गेली नाही. पण माझं आणि भीतीचं भांडण मिटवायला एक तिसरा साक्षीदार मिळाला.

दुसरी युक्ती जरा विचित्र वाटेल. डोक्यात ती सेकंदं सुरू झाली की स्वतःशी 'मी' म्हणून बोलू नकोस, स्वतःच्या नावाने बोल. 'अमुक घाबरला आहे. अमुकला आत्ता काय हवंय?' असं. यावर प्रयोग झाले आहेत. स्वतःला नावाने हाक मारून विचार करणाऱ्यांचा क्षोभ 'मी-मी' करणाऱ्यांपेक्षा कमी राहतो असं त्यांत दिसलं. कारण सोपं आहे. मित्र घाबरला तर तू त्याला 'असा कसा तू' म्हणणार नाहीस, पाणी देशील, शेजारी बसशील. नावाने हाक मारलीस की तू क्षणभर तो मित्र होतोस. मोठ्याने मात्र बोलू नकोस, आजूबाजूचे आधीच धास्तावलेले आहेत.

आता एक इशारा, कारण तू हुशार आहेस आणि हुशार मुलं दृष्टिकोनाचा भलताच उपयोग करतात. जे आपल्या हातात नाही त्याच्याकडे बघण्याची जागा बदलावी. जे हातात आहे ते बदलावं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच पुढे आलं : ज्यांच्यावरचा ताण त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, त्यांना गोष्टीकडे नव्याने बघण्याची हातोटी उपयोगी पडली, पण ज्यांचा ताण त्यांना स्वतःला दूर करता येण्यासारखा होता, त्यांच्यात हीच हातोटी असलेले उलट जास्त उदास दिसले. गळक्या नळाकडे शांतपणे बघत बसलं की ओल वाढतेच. जमीन हलली, ते तुझ्या हातात नव्हतं. नुकसानीचा अर्ज भरणं आहे. फेरतपासणीची तारीख मागणं आहे. कपाट भिंतीला पट्टीने जखडणं, उशाशी टॉर्च आणि बूट ठेवणं, बाहेर पडून कुठे भेटायचं हे घरच्यांशी ठरवणं आहे. तू लिहिलंस की अर्जाचे कागद आठ दिवस तसेच पडलेत आणि 'मी त्याकडे आता अलिप्तपणे बघायला शिकतोय.' अलिप्तपणा बाजूला ठेव आणि उद्या सकाळी तो अर्ज भर. वहीतलं उद्याचं काम तेच.

फोनबद्दल एकदाच सांगते. तू दिवसभर कोसळत्या इमारतींचे व्हिडिओ बघतोस. २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर झालेल्या एका पाहणीत, रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्या बातम्या-दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तो घातपात होता, हा भूकंप. डोळ्यांना एवढा फरक कळत नाही. अधिकृत सूचना सकाळ-संध्याकाळ बघ. बाकीचं बंद.

बोलण्याबद्दल मात्र वेगळं. तुला कुणी गोल करून बसवून 'सगळं सांग, मोकळा हो' असं केलं आणि तू उठून गेलास, आणि आता तुला वाटतं की आपलंच चुकलं. चुकलं नाही. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी जोरात होती. पुढे तिच्यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा तिने नंतरचा मानसिक त्रास टळतो असं दिसलं नाही. काहींना तर तो वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीनच गोष्टी आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे कुणाला काय हवंय ते पाहा, तो सांगेल तेवढंच ऐका, आणि त्याला त्याच्या माणसांशी, गरजेच्या मदतीशी जोडून द्या. खोदून विचारू नका, असं तिथे स्पष्ट आहे. तेव्हा जेव्हा सांगावंसं वाटेल, जितकं वाटेल, ज्याला वाटेल त्याला सांग. आईला विचार. तिलाही तो जिना आठवत असेल, आणि तिच्या जागेवरून तो वेगळा दिसला असेल.

तू शेजारच्या घराबद्दल एकच वाक्य लिहून खोडलंस. खोडलेलं मी वाचलं. 'त्यांचं का, आमचं का नाही.' याला माझ्याकडे दृष्टिकोन नाही. माती, पाया, बांधणी, त्या क्षणी कोण कुठे उभं होतं, ही सगळी कारणं मला ठाऊक आहेत आणि त्यातलं एकही उत्तर नाही. काही भेगांवर पट्टी लावायची नसते. त्यांच्या घरी जाऊन ये. काही बोलू नकोस हवं तर. ढिगाऱ्यातून सामान निवडायला दोन हात लागतातच. मी त्या काकांकडे गेले नाही, तू जा.

आणि हे नीट वाच, कारण इथे मी मार्गदर्शक म्हणून माघार घेते. एक महिना उलटूनही ती दृश्यं तशीच अंगावर येत असतील, झोप आणि काम दोन्हींची घडी बसत नसेल, घराकडे जाणारा रस्तासुद्धा टाळत असशील, झोपेसाठी दारू लागायला लागली असेल, तर ती जिवंत भेग. तिच्यावर वही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा धक्क्यांसाठी खास उपचार आहेत, ते चालतात, आणि त्यांना अंत आहे. जन्मभर जात बसावं लागतं असं नाही. जगायला नको असा विचार एकदा जरी आला, तर महिना मोजायचा नाही. त्याच क्षणी आईला उठव, मला उठव, दवाखाना गाठ. लाल खूण म्हणजे घर पाडा असं नसतं, हे लक्षात ठेव. आत्ता धोका आहे, परवानगीशिवाय कुणीच आत जाऊ नका, एवढाच तिचा अर्थ. लाल खूण लागलेली घरं डागडुजी होऊन पुन्हा नांदती झालेली मी पाहिली आहेत.

कुणी तुला सांगेल की या सगळ्यातून तू आणखी कणखर होऊन निघशील. होशीलही, काही जण होतात. पण कणखर व्हायची सक्ती करून घेऊ नकोस. सध्या झोप आली तरी पुष्कळ.

रविवारी तपासणीवाले परत येणार आहेत असं लिहिलंस. त्यांच्यासोबतच आत जा. काचेची पट्टी लावायची का, हे त्यांना विचार. ते हो म्हणाले तर त्यांच्याच हातून लावून घे, भेगेच्या टोकांना पेन्सिलची रेघ मात्र तू मार. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा, पाठ दाराच्या चौकटीला टेकू दे, आणि एकच फोटो काढ. खिडकी, छत, जमीन, दोन्ही कॉलम, सगळं यायला हवं. आई आलेली असेल तर तिला भिंतीशेजारी उभी कर, म्हणजे मला मापही कळेल.

तो एक पाठव. अर्जाची पोच मिळाली का, तेही कळव.

तुझी,
मॅडम